चौदाव्या पानाचे वाचक

१

नर्सचं लक्ष पिशवीकडे गेलं म्हणून ते म्हातारे गृहस्थ वाचले.

शिरेतून औषध सोडणाऱ्या पंपाला सांगितलं होतं, चाळीस मिली औषध दे आणि थांब. तीस देऊन झाल्यावर पेशंटला कुशीवर वळवायचं होतं, म्हणून नर्सने पंप बंद केला. वळवून झाल्यावर पुन्हा सुरू केला. पंप आधीचे तीस साफ विसरला आणि त्याने पहिल्यापासून चाळीस मोजायला घेतले. तासाभराने नर्स परत आली तेव्हा पिशवी पार चपटी झाली होती आणि म्हातारबुवा हाक मारून उठत नव्हते. तीन दिवस अतिदक्षता विभागात काढून चौथ्या दिवशी ते बसून चहा प्याले आणि मग कुठे पंप बनवणाऱ्या कंपनीतल्या माणसांच्या घशाखाली घास उतरला.

पंप चाचणीसाठी त्या एकाच वॉर्डात दिले होते, एवढं नशीब. आणखी दोनशे पंप खोक्यांत भरून तळमजल्यावर उभे होते.

गुरुवारी सकाळी साहेबांनी थोरलीला बोलावलं. त्यांच्या टेबलावर पंपाच्या कोडचा छापील गठ्ठा होता. पेशंटच्या अंगाला लागणाऱ्या यंत्राचा कोड पडद्यावर नाही, कागदावर वाचायचा आणि वाचणाऱ्यांनी शेवटच्या पानावर सह्या करायच्या, हा कंपनीचा जुना नियम होता.

"चूक चौदाव्या पानावर आहे," साहेब म्हणाले. "बंद करून सुरू केलं की आकडा शून्यावर जातो. तिघांनी वाचलं, तिघांनी सही केली. मला सोमवारी सकाळी दोन गोष्टी हव्यात. ही निसटली कशी? आणि यापुढे एका तपासणीला माणसं किती बसवायची? त्या तिघांतला गणिती म्हणतो दोन पुरेत. मला वाटतं पाच बसवावीत."

थोरलीने शेवटचं पान उलटलं. पहिली सही ओळखायला तिला चष्म्याची गरज नव्हती. घरातल्या दुधाच्या वहीवर ती रोज दिसायची.

"हो, तुमच्या जावेची," साहेब म्हणाले. "पहिली सही करणारा मुख्य तपासनीस. जबाबदारी त्याची जास्त. ती खुर्ची रिकामी झाली तर... बाई, मुळात ती तुमचीच होती."

खोटं कशाला बोला, थोरलीला आनंद झाला. दोन-तीन क्षणच, पण चांगला भरपेट झाला. मग तिला म्हातारबुवा आठवले आणि ती ओशाळली.

२

आता या जावाजावांचं थोडं सांगायला हवं.

थोरली तेरा वर्षं त्या तपासणीच्या खोलीत बसली. तिची वाचायची पद्धत आख्ख्या कंपनीला ठाऊक. पहिल्या वाचनाला पेन्सिल हातात घ्यायची नाही. जिथे काही खटकेल तिथे समासात अंगठ्याचं नख दाबायचं, चंद्रकोरीसारखी खूण उठवायची आणि पुढे जायचं. दुसऱ्या वाचनाला त्या खुणा बोटाने चाचपत पेन्सिल चालवायची. भिंतीवरचा पांढरा बोर्डही तिचाच. कोणी किती चुका काढल्या त्याचा महिन्याचा आकडा त्यावर नावासमोर लिहिला जाई. आपलं नाव रोज सगळ्यांत वर पाहायला कोणाला आवडत नाही?

चार वर्षांपूर्वी धाकट्या दिराचं लग्न झालं. धाकटी जाऊ याच शाखेतली निघाली आणि थोरलीनेच कौतुकाने साहेबांकडे शब्द टाकला. सहा महिन्यांत बोर्डावर धाकटीचं नाव दुसरं आलं, वर्षभरात पहिलं. दोन वर्षं झाली आणि साहेबांनी थोरलीला प्रेमाने यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिण्याच्या टेबलावर बसवलं. 'लाल बटण तीन सेकंद दाबून धरा' असली वाक्यं लिहिण्यात तिचे दिवस जाऊ लागले. खोली सुटली, पण दाराच्या काचेतून बोर्ड दिसायचा.

घरीही तेच. सासूबाई सात आठवडे दवाखान्यात होत्या तेव्हा उशाशी बसली थोरली. धाकटी तेव्हा परगावी ट्रेनिंगला होती, शनिवार-रविवारी यायची, फुलं आणायची. सासूबाई बऱ्या होऊन घरी आल्या आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत सुटल्या, धाकटीने किती सुंदर फुलं आणली म्हणून. त्या फुलांचं नाव काढलं की थोरली अजून उठून आत जायची.

धाकटी वाईट असती तर किती सोपं झालं असतं. ती वाईट नव्हती. 'ताई, ताई' करत मागे असायची आणि उरलेली भांडीसुद्धा न सांगता घासून टाकायची. तिचा राग करायलाही जागा सापडायची नाही, याचाच थोरलीला जास्त राग यायचा.

आणि आता जागा आपणहून चालत आली होती.

३

थोरलीने पहिल्यांदा मिशीला गाठलं. कोड लिहिणारा तो. ऑफिसात त्याला सगळे मिशीच म्हणत, आणि मिशी पाहिली की का ते विचारावं लागत नसे.

"चूक माझी," त्याने आधीच सांगून टाकलं. "मीच लिहिली, मॅडम. पण तीन प्रती दिल्या होत्या. एक गणित्याला, एक पाचवाल्यांना, एक तुमच्या जावेला. आठवडाभर ठेवल्या त्यांनी."

"तू स्वतः दुसऱ्यांदा वाचलं नाहीस?"

मिशीने मिशीला हात लावला. "तिघं वाचणार होते ना."

थोरलीने ते वहीत लिहून घेतलं. मग तिने तिघांचे चुकांचे फॉर्म मागितले. प्रत्येकाने स्वतंत्र बसून वाचायचं, सापडलेल्या चुका आपल्या फॉर्मवर लिहायच्या, फॉर्म खोलीतल्या ट्रेमध्ये ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये सगळ्यांचे ताडून पाहायचे, अशी रीत होती.

तीन फॉर्म. प्रत्येकावर सात चुका, त्याच सात. चौदाव्या पानाबद्दल तिघांच्याही फॉर्मवर अवाक्षर नव्हतं.

"छान मेळ बसलाय," थोरली म्हणाली.

"कसला छान," मिशी फणकारला. "सातातली एक चूक चूकच नव्हती. ही बघा. पान नऊ, ओळ सहा. 'दशांशाचा ठिपका राहिला आहे, अर्ध्याच्या जागी पाच होतील.' तिघांनी तेच लिहिलंय. मी मीटिंगमध्ये फाइल उघडून दाखवली, ठिपका होता! गणिती आणि पाचवाले गुपचूप ओळ खोडून मोकळे झाले. तुमची जाऊ मात्र म्हणाली, 'मला दिसला नव्हता हो.' मला सांगा, असलेला ठिपका तिघांनाही कसा दिसत नाही?"

एकाचा डोळा चुकू शकतो. सहा डोळे एकाच ठिपक्यावर कसे चुकतील? थोरलीने तेरा वर्षांत पुष्कळ चुका पाहिल्या होत्या, पण तिघांनी मिळून काढलेली अशी खोटी चूक पाहिली नव्हती.

"मला तिन्ही प्रती हव्यात," ती म्हणाली. "ज्याच्या त्याच्या हातातल्या."

४

पाचवाले हे नाव घड्याळामुळे पडलं होतं. पाच वाजले की ते खुर्चीत नसत, मग छत कोसळत असलं तरी. त्यांनी आपली प्रत मोठ्या ऐटीत टेबलावर ठेवली.

"शब्दन् शब्द वाचलाय."

थोरलीने गठ्ठा हातात घेतला. बावीस पानं, डाव्या कोपऱ्यात पिन. पान उलटलं की पिनेजवळ कागदाला घडी पडते, उलटलेलं पान पुन्हा तितकं सपाट बसत नाही. पाचवाल्यांचा गठ्ठा बंद पाकिटासारखा सपाट होता. तिने नववं पान काढलं तेव्हा पिनेजवळचा कागद पहिल्यांदाच कुरकुरत वाकला. सहाव्या ओळीत ठिपका टपोरा, काळाभोर होता.

"हा ठिपका दिसतोय का तुम्हाला?"

"दिसतोय की."

"मग फॉर्मवर तो नाही असं का लिहिलंत?"

पाचवाल्यांनी घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजले होते, सुटकेला वेळ होता. "त्या दिवशी डोळे दुखत होते," ते म्हणाले आणि पाणी प्यायला उठले ते जेवणाच्या सुट्टीनंतरच परतले.

गणिती वेगळ्या चालीचा. त्याच्या प्रतीला पिनेजवळ घड्या होत्या, समासात निळ्या पेन्सिलीच्या टिपा होत्या, अगदी नेटक्या. आठव्या पानापर्यंत. नवव्यापासून पुढे समास कोरे आणि कागद सपाट. ठिपका इथेही स्वच्छ छापलेला.

थोरलीने काही विचारायच्या आत तो बोर्डाकडे वळून आपलं सूत्र सांगू लागला. "साधं आहे मॅडम. समजा खोलीत टाचण्या सांडल्यात. दोघांनी वेगवेगळं जाऊन शोधल्या आणि कुठे कुठे दिसल्या ते लिहून आणलं. दोघांना त्याच टाचण्या दिसल्या असतील तर बहुतेक सगळ्या सापडल्या. वेगवेगळ्या दिसल्या असतील तर अजून पुष्कळ पडल्यात, अनवाणी जाऊ नये. आपल्या तिघांच्या सातही सारख्या. म्हणजे उरलेल्या शून्य. म्हणूनच म्हटलं, पुढच्या वेळी दोन माणसं पुरेत."

"शून्य म्हणालास आणि एक म्हातारा मरता मरता वाचला."

गणिती बोर्डाकडून तिच्याकडे वळला.

"तुझं सूत्र चुकीचं नाही," थोरली म्हणाली. "त्यात एक अट आहे. तू आत्ताच तोंडाने म्हणालास ती. दोघांनी कसं जायचं?"

"वेगवेगळं," गणिती हळूच म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले.

आता उरली धाकटीची प्रत.

५

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर धाकटी आपणहून थोरलीच्या खोलीत आली. चार दिवसांत तिचा चेहरा उतरला होता. ऑफिसात सगळे तिच्याशी फार गोड बोलायला लागले होते आणि त्यावरून काय ते तिला कळलं होतं.

"ताई, ही माझी प्रत." तिने गठ्ठा पुढे केला. "कपाटात कुलपात ठेवली होती. तुमच्याच हातात द्यायची म्हणून."

"तू वाचलं होतंस?" थोरलीने विचारलं. विचारताना तिच्या मनात आलं, नाही म्हण. एकदा नाही म्हण आणि मोकळं कर मला.

"तीनदा वाचलं. चौदावं पानसुद्धा. पंप चालू आहे असं धरून वाचत गेले. कोणी तो मध्येच बंद करेल, हे डोक्यातच आलं नाही." धाकटीने गठ्ठ्याकडे पाहिलं. "दवाखान्यात मी कधी त्या यंत्रापाशी बसलेच नाही ना, ताई. तुम्ही बसला होतात."

एवढं बोलून ती गेली. जाताना दार हलकेच ओढून घेतलं.

थोरलीने नववं पान उघडलं. पानभर वरून खालपर्यंत केसाएवढी पांढरी रेघ होती. छापताना शाई कमी पडली की येते तशी. तिसऱ्या प्रतीला प्रिंटरने दगा दिला होता, वाचता येतंय म्हणून मिशीने ती तशीच खपवली होती आणि बस चुकल्यामुळे धाकटी उशिरा आली, म्हणून शेवटची प्रत तिच्या वाट्याला आली होती. रेघ बरोबर सहाव्या ओळीतल्या ठिपक्यावरून गेली होती. या कागदावर ठिपका नव्हताच.

म्हणजे ती खोटी चूक फक्त या प्रतीत दिसू शकत होती. बाकी दोघांच्या फॉर्मवर ती आली, कारण त्यांनी कोड पाहून नव्हे, धाकटीचा फॉर्म पाहून लिहिलं. ती नेहमी एक दिवस आधीच फॉर्म ट्रेमध्ये ठेवायची. कोणीही उचलावा आणि उतरवावा.

कोडं सुटलं होतं. तीन सह्या, पण वाचणारी एकटी धाकटी. प्रत्येक पानाला घडी, प्रत्येक समासात तिचं बारीक अक्षर. थोरली पानं उलटत राहिली. दहा, अकरा, बारा, तेरा.

चौदाव्या पानाच्या समासात, त्या चुकलेल्या ओळीच्या अगदी शेजारी, बोटाला काहीतरी लागलं. नखाची चंद्रकोर.

थोरली उठली आणि तिने दाराला कडी लावली.

६

असाच रविवार होता, तीन आठवड्यांपूर्वीचा. जेवणाच्या टेबलावर धाकटी कोड वाचत बसली होती. तिच्या आईचा फोन आला म्हणून ती गॅलरीत गेली, आणि मायलेकींचं बोलणं लवकर आवरत नाही. गठ्ठा उघडाच होता. थोरली टेबल पुसायला आली, आणि तेरा वर्षांची खोड, खुर्ची ओढून बसली.

तिला पाच मिनिटंही लागली नाहीत. सासूबाईंना दर दोन तासांनी कुशीवर वळवताना नर्स पंप बंद करायची आणि सुरू करायची, हे तिने सात आठवडे डोळ्यांनी पाहिलं होतं. 'बंद केल्यावर आकडा कुठे जातो गं?' असं ती मनाशी म्हणाली, ओळ पाहिली, आणि अंगठा आपोआप समासावर दाबला गेला.

मग गॅलरीतून धाकटीचं हसणं ऐकू आलं. 'अगं आई, या महिन्यातही पहिलीच!' ती बोर्डाबद्दल बोलत होती.

थोरलीने टेबल पुसलं आणि ती उठून गेली. शोधू दे तिचं तिला, एवढी हुशार आहे ना. आणि नाही सापडली तर आणखी दोघं आहेत की. ते काढतील मीटिंगमध्ये, सगळ्यांदेखत. जरा उतरेल तोरा. त्या संध्याकाळी तिने मन लावून स्वयंपाक केला, धाकटीला आग्रहाने वाढलं, आणि नंतर ही गोष्ट मनाच्या तळाशी नेऊन ठेवली. तिघांनी सह्या केल्याचं कळलं तेव्हासुद्धा तिने समजूत घातली, मिशीने आधीच दुरुस्त केली असेल. साहेबांनी चौदावं पान म्हटलं तेव्हाही ती स्वतःला सांगत राहिली, आपण तेव्हा नीट कुठे वाचलं होतं.

आता खूण समोर होती.

ती स्वयंपाकघरातून चमचा घेऊन आली. कागद पालथा घालून चमच्याच्या पाठीने खूण चोळली. दाबून चोळली. सुलट करून पाहिलं, तर समास गुळगुळीत. कोणाला कळणार होतं? अहवालही तयारच होता. दोघांनी नक्कल केली, तिसरीने वाचूनही तिला दिसलं नाही, आणि मुख्य जबाबदारी पहिल्या सहीची. एक शब्दही खोटा नाही. खुर्ची परत, खोली परत, बोर्डावर नाव परत.

तिने पान उलटलं. पंधराव्या पानावर तीच चंद्रकोर उमटली होती. सोळाव्यावरही, जरा पुसट. त्या दिवशी अंगठा भलताच जोरात दाबला गेला होता.

चमचा उचलायला तिचा हात पुढे झाला, आणि तिथेच थांबला. साहेब उद्या म्हणणार होते, पाच माणसं बसवू. खाली दोनशे पंप होते. पाच जण बसवले तर आपल्यासारखे किती जण म्हणतील, बाकीचे चौघं आहेत की? तिला पहिल्यांदाच मनापासून भीती वाटली, आणि ती खुर्चीसाठी नव्हती.

७

सोमवारी दहा वाजता तपासणीच्या खोलीत सगळे जमले. साहेब, मिशी, पाचवाले, गणिती, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन धाकटी. घरी जायची तयारी करूनच आली होती ती.

थोरलीने तिन्ही प्रतींचं नववं पान शेजारी शेजारी मांडलं. ठिपका, ठिपका, रेघ. मग तिन्ही फॉर्म. साहेब वाकून पाहत राहिले आणि हळूहळू त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"मी उघडलाच नव्हता गठ्ठा," पाचवाल्यांनी कबूल केलं. "हे दोघं हुशार बसलेले. माझ्या वाचण्याने काय फरक पडणार होता?"

"आणि तू?" साहेबांनी गणित्याला विचारलं.

"आठ पानांत चार सापडल्या होत्या, सर. ट्रेमध्ये तिचा फॉर्म पाहिला तर सात." त्याने बोर्डाकडे बोट केलं. "तिथे तिच्या सातांखाली माझे चार लिहायचे... नाही सहन झालं. उरलेल्या उतरवून घेतल्या."

"म्हणजे सह्या तीन आणि वाचणारी एकच," साहेब धाकटीकडे वळून म्हणाले. "एकटी पडली बिचारी. बाई, तुम्ही तुमच्या जावेला वाचवलंत. आता माणसं किती बसवायची ते सांगा आणि मोकळ्या व्हा."

आत्ता गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. सगळे तिच्याकडे कौतुकाने पाहत होते, आणि अशा नजरेसाठी ती दोन वर्षं झुरली होती.

"एक नाही, साहेब," थोरली म्हणाली. "चौदावं पान दोघींनी वाचलं. एकीने सही केली, तिला चूक दिसली नाही. दुसरीला दिसली, पण ती बोलली नाही." तिने पंधरावं पान उजेडाकडे तिरकं धरलं आणि आपला अंगठा खुणेवर ठेवला. तो तिथे तंतोतंत बसला. "त्यांच्या यादीत सात होत्या, माझ्याकडे आठवी होती. तिच्याकडे नसलेली माझ्याकडे होती, आणि माझ्या लक्षात न आलेल्या तिने काढल्या होत्या. दोन वेगळ्या बायकांनी वेगळं बसून वाचलं असतं आणि दोघींनी तोंड उघडलं असतं, तर पुरे होतं. तिघं आहेत म्हणून मिशीने पाहिलं नाही. तिघं आहेत म्हणून यांनी गठ्ठा उघडला नाही. आणि तिघं आहेत म्हणूनच मला गप्प बसता आलं. माझ्या मते दोन. एक यंत्र जाणणारा आणि एक ते यंत्र वापरताना पाहिलेला. दोघांनी एकमेकांचा कागद पाहायचा नाही. आणि हा बोर्ड भिंतीवर नको. मीच लावला होता."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

अहवालाचे दोन कागद थोरलीने धाकटीपुढे सरकवले. "नियमाने कोणीतरी तपासून सही करायला हवी. तू वाच."

धाकटीने पर्स खाली ठेवली आणि पेन्सिल घेतली. ती सावकाश वाचत गेली, ओळीखाली पेन्सिलीचं टोक धरून. दुसरा कागद संपल्यावर तिने उलटून मागेही पाहिलं.

"खूण मला अपघाताच्या दुसऱ्या दिवशीच दिसली होती, ताई," ती म्हणाली. "अंगठा कोणाचा ते काय मला कळणार नाही? म्हणून तर प्रत तुमच्या हातात दिली. तुम्ही सांगता का ते पाहायचं होतं."

थोरलीला मान वर करता येईना.

"अहवालात एक चूक आहे," धाकटी म्हणाली.

"कुठे?"

"शेवटच्या परिच्छेदात. दुसरी वाचणारी बोलली नाही, एवढंच लिहिलंय. का बोलली नाही ते राहिलंय. पुढच्या वेळी हा कागद वाचणाऱ्याला ते कळायला हवं."

तिने कागद परत सरकवला आणि वर पेन्सिल ठेवली. थोरलीने ती उचलली. एवढ्या माणसांदेखत लिहायला अक्षर आधी वळेना, मग वळलं. 'ती माझ्यापेक्षा चांगली होती आणि ते मला बघवत नव्हतं.'

धाकटीने ते वाचलं. मग पेन्सिल बाजूला ठेवून पेन मागून घेतलं आणि थोरलीच्या नावाखाली दुसरी सही केली.